खजिनदारांच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

प्रति,
ठिकठिकाणच्या व्याख्यानमाला, वाचनालयं आणि सांस्कृतिक मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि मुख्य म्हणजे खजिनदार

विषय : व्याख्यानांच्या व्हिडिओंना सबटायटल्स देण्याचा खर्च आणि त्यासाठी केलेली सॉफ्टवेअरची तुलना

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका मंडळाच्या कार्यवाहांचा फोन आला. मंडळाचं नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि माणसं भली आहेत. त्यांच्याकडे हार्ड डिस्कवर चाळीस व्याख्यानं पडून आहेत, सरासरी दीड-दीड तासाची, म्हणजे एकूण ६० तास. यूट्यूबवर टाकण्याआधी त्यांना मराठी सबटायटल्स द्यायची आहेत. मी माझा दर सांगितला : व्हिडिओच्या एका तासाला १,००० रुपये. 'मीटिंगमध्ये ठेवतो' म्हणाले. आठवड्याने खजिनदारांचा ईमेल आला, सोबत एक्सेलचा तक्ता. भाषण ऐकून मजकूर लिहून देणारी सात सॉफ्टवेअरं, त्यांचे दर, डॉलरचे रुपये केलेले, खाली बेरजा. आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ : 'तासाला ३० रुपयांत काम होत असताना आपण १,००० कशाचे मागता?'

प्रश्न रास्त आहे. असा तक्ता यंदा मला तिसऱ्यांदा आला, म्हणून उत्तर एकट्या त्यांना न देता सगळ्यांना देते आहे. माझा यात स्वार्थ आहे हे आधीच कबूल करते. सबटायटल्स करण्यावर माझं घर चालतं. तेव्हा पुढचं सगळं तुम्ही ताडून बघा, तुमच्याच आकड्यांनी.

तक्ता खोटा नव्हता. ओपनएआयचं व्हिस्पर त्यांच्या सर्व्हरवरून वापरलं तर मिनिटाला ०.००६ डॉलर पडतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर तासाला साधारण ३१ रुपये. बेंगळुरूच्या सर्वम कंपनीचा दर थेट रुपयांतच आहे, तासाला ३०, आणि कोणता माणूस कधी बोलला हे वेगळं करून हवं असेल तर ४५. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर तासाला एक डॉलर, महिन्याचे पहिले ५ तास फुकट. गूगल क्लाउडवर मिनिटाला ०.०१६ डॉलर, तासाला ८२ रुपयांच्या आसपास. अ‍ॅमेझॉन ट्रान्स्क्राइब मिनिटाला ०.०२४ डॉलर, तासाला १२२ रुपये. सॉनिक्स तासाला १० डॉलर घेतं, कारण तिथे दुरुस्तीसाठी बांधलेला पडदा मिळतो, फाइल तयार होऊन मिळते. सातवं नाव होतं ऑटरचं : महिन्याला ३०० मिनिटं फुकट. खजिनदारांनी त्यावर हिरवा रंग दिला होता. ऑटरला मराठी येत नाही. ते इंग्रजी बैठकांसाठी बांधलेलं सॉफ्टवेअर आहे. मराठी व्याख्यान त्यात घातलं तर ते तुमच्या वक्त्याकडून मोठ्या आत्मविश्वासाने इंग्रजी वदवून घेतं. फुकट ते पौष्टिक असं आपण म्हणतो खरं, पण निदान खाण्यासारखं तरी असावं.

तक्त्यात नसलेले बारीकसारीक खर्चही आहेत. परदेशी कंपनी तुम्हाला बिल लावते तेव्हा जीएसटी नोंदणी नसलेल्या मंडळाला त्यावर १८ टक्के भरावे लागतात. वर कार्डाचा परकी चलनाचा अधिभार. आणि मुळात कार्ड कुणाचं? बहुतेक मंडळांचं खातं गावातल्या सहकारी बँकेत, दोन सह्यांच्या चेकवर चालणारं. मग कार्यवाहांच्या पुण्यातल्या मुलाच्या कार्डावरून पैसे जातात आणि मार्चमध्ये हिशेबतपासनीस विचारतात, हे व्हाउचर कसलं. महिन्याच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि बंद करायला विसरलात तर ते पुढच्या व्याख्यानमालेपर्यंत पैसे कापत राहतं. या गोष्टी लहान आहेत, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता बेरीज. ६० तासांचे व्हिस्परला साधारण १,८६० रुपये, अ‍ॅझ्युअरला ५,१००, अ‍ॅमेझॉनला ७,३००. सॉनिक्स सोडा, त्याचं गणित वेगळं. म्हणजे नुसतं भाषण ओळखून देणाऱ्या सेवांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यातला फरक अख्ख्या चाळीस व्याख्यानांना मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. त्यासाठी तुमच्या तीन बैठका झाल्या. तीन बैठकांचा चहा-बटाटेवडा धरला तर फरक आणखी कमी होतो.

माझे हजार रुपये कशाचे, ते सांगते. मी यंत्राच्याच मजकुरावर काम करते. यंत्राविरुद्ध माझं काही भांडण नाही. पूर्वी एक तासाचं भाषण ऐकून, थांबवून, मागे जाऊन टंकायला मला सात-आठ तास लागत. आता वक्ता एकच असेल, आवाज स्वच्छ असेल आणि बोली प्रमाण असेल तर यंत्राने दिलेला मजकूर दुरुस्त करून पडद्यावर बसवायला चार तास पुरतात. तासाला २५० रुपये धरा, हजार झाले. तुमच्या ६० तासांना २४० तास, ६०,००० रुपये. खजिनदारांच्या तक्त्यात हाच रकाना नाही.

आणि सॉफ्टवेअर निवडायचंच असेल तर या रकान्यावरून निवडा. एका यंत्राच्या मजकुराला तासामागे चार तास दुरुस्ती लागते आणि दुसऱ्याच्या मजकुराला पाच, एवढा फरक रोज दिसतो. तो एक तास गुणिले ६०, गुणिले २५० : पंधरा हजार. दराच्या रकान्यात तुम्ही साडेपाच हजारांसाठी झटत होता. तासाला ३० रुपयेवालं चांगलं की १२२वालं, हे दर बघून कळतच नाही. कधी स्वस्तातलं उजवं ठरतं, कधी महागातलं. ते तुमच्या वक्त्याच्या आवाजावर, तुमच्या सभागृहावर, तुमच्या साउंडवाल्यावर ठरतं.

यंत्र चुकतं म्हणजे काय करतं, हे पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून काही नमुने.

माझ्या हातून निसटलेला पहिला. वक्ते म्हणाले होते, 'पुलंनी म्हटलंय'. यंत्राने लिहिलं, 'फुलांनी म्हटलंय'. वाक्य व्याकरणाने शुद्ध, फुलं बोलतातही मराठीत, कवितेत तर नेहमीच. त्या रात्री मी घाईत होते, वाचून पुढे गेले. व्हिडिओ तीन दिवस तसाच होता आणि खाली एका वाचकाने विचारलं, 'कोणत्या जातीची फुलं?' तेव्हापासून मी लेखकांच्या नावांची वेगळी यादी हाताशी ठेवते : पुलं, गोनीदां, जीए, विंदा. आद्याक्षरांनी ओळखली जाणारी आपली सगळी मंडळी यंत्राला परकी आहेत.

दुसरा नमुना रफाराचा. विनोबांवरच्या भाषणात 'आचार्यांनी' हा शब्द चौदा वेळा आला. त्यातल्या पाच ठिकाणी यंत्राने 'आचाऱ्यांनी' केलं. बोलताना या दोन उच्चारांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो, एकात र्य जड, दुसऱ्यात हलका. यंत्राने पवनारच्या आश्रमात स्वयंपाकी नेमले. उलटंही होतं : 'दऱ्याखोऱ्यांत' चं 'दर्याखोर्‍यांत' असं काहीतरी अर्धवट. स्पेलचेक हे पकडत नाही, कारण यातले बरेच शब्द कोशात असतात.

तिसरा नमुना खास आपल्या कार्यक्रमांचा. आपली व्याख्यानं कशी सुरू होतात? दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत. व्हिस्परला भाषा सांगितली नाही तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं की बोलणं कोणत्या भाषेत आहे. पहिल्या ३० सेकंदांत शारदास्तवन असलं की ते संस्कृत किंवा हिंदी धरून बसतं आणि पुढचा दीड तास त्याच चष्म्यातून ऐकतं. एका अख्ख्या व्याख्यानात सगळे 'आहे' जाऊन 'है' आले होते. इलाज सोपा आहे, सुरुवातीलाच भाषा मराठी असं नेमून द्यायचं. पण हे माहीत असायला आधी एकदा पस्तावावं लागतं.

आणि टाळ्या. टाळ्या, माइकची कुरकुर, पाणी पिण्याची शांतता, अशा जागी यंत्र गप्प बसत नाही. रिकामी जागा ते कुणीच न बोललेल्या वाक्याने भरतं, किंवा आधीचं वाक्य सात वेळा लिहितं. एका ज्येष्ठ वक्त्यांच्या तोंडी त्याने 'धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद' असं मिनिटभर घातलं होतं. ते तर भाषणाच्या मध्यावर पाणी पीत होते.

हे असं का होतं, त्याचं कारण यंत्राच्या शिक्षणात आहे. व्हिस्पर सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं झालं तेव्हा ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं. त्यातले सुमारे ४,३८,००० तास इंग्रजी. बाकीच्या ९६ भाषांना त्या-त्या भाषेत लिहिलेले मिळून १,१७,००० तास, आणि त्यात मराठीच्या वाट्याला नखाएवढं. म्हणजे दर मिनिटाचा तोच असला तरी इंग्रजी माणसाला त्या पैशांत जे मिळतं ते आपल्याला मिळत नाही. इंग्रजीतल्या तुलना वाचून तक्ते करू नका, असं म्हणते ते याचसाठी.

आपल्याकडेही काम झालं आहे, ते तुमच्या तक्त्यात नव्हतं. आयआयटी मद्रासमधल्या एआय-फॉर-भारत या गटाने भारतीय भाषांसाठी भाषण ओळखणारी मॉडेलं तयार करून खुली ठेवली आहेत, त्यात मराठी आहे. भारतीय भाषांतलं भाषण ओळखण्यासाठी आणि भाषांतरासाठी केंद्र सरकारची भाषिणी योजना २०२२ पासून सुरू आहे. या मॉडेलांना परवान्याचा खर्च नाही. खर्च आहे तो ती चालवणाऱ्या माणसाचा. व्हिस्परचंही तसंच आहे : ते उतरवून घेऊन आपल्याच संगणकावर चालवता येतं, कायदेशीर, एक पैसा न देता. पण त्याचं मोठं मॉडेल सुरळीत चालायला साधारण १० जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि वाचनालयातल्या संगणकावर सभासदांच्या पावत्या जेमतेम छापून निघतात. मंडळातल्या कुणाचा तरी भाचा गेम खेळण्यासाठी महागडा संगणक घेऊन बसलेला असतो. त्याला शोधा. मी हे थट्टेने म्हणत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मंडळाचं निम्मं काम अशाच भाच्याने रात्री संगणक चालू ठेवून केलं.

दुरुस्तीसाठी पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याची गरज मला अजून पडलेली नाही. डेन्मार्कच्या निकोलाय ओल्सन यांनी तयार केलेलं सबटायटल एडिट मी वर्षानुवर्षं वापरते. ते फुकट आहे, खुलं आहे, व्हिस्पर त्याच्या आतूनच चालवता येतं आणि आवाजाच्या लाटा बघत वेळ जुळवता येते. व्हिडिओ संपादनाची मोठी सॉफ्टवेअरं महिन्याच्या वर्गणीवर मिळतात. अडोबी प्रीमिअरमध्ये २०२१ पासून भाषण ओळखण्याची सोय वर्गणीतच आहे. मी ते वापरायला घेतलं तेव्हा भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. शिवाय त्यात दक्षिण आशियाई लिपीची सेटिंग बदलली नाही तर पहिली वेलांटी अक्षर सोडून पळते आणि जोडाक्षरं सुटी होतात. 'विद्यार्थी' हा शब्द पडद्यावर असा विस्कटलेला बघितला की वर्गणीचा राग येतो.

मजकूर शुद्ध झाला म्हणजे काम संपलं असंही नाही, आणि इथेच बहुतेक तक्ते फसतात. ते शब्दांकनाचा दर सबटायटल्सच्या दराशी लावतात. शब्दांकन आपल्याला नवं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, म्हणून आज ते आपल्याकडे आहे. शब्दांकन कागदावर वाचायचं असतं, डोळ्यांना थांबायची मुभा असते. सबटायटल पळत असतं. एका वेळी दोन ओळी, ओळीला साधारण ४२ खुणा (कॅरेक्टर्स), पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद, असे संकेत मोठ्या ओटीटी कंपन्या पाळतात. तुमचे वक्ते मात्र एका दमात पंचेचाळीस शब्दांचं वाक्य टाकतात आणि क्रियापद शेवटी देतात.

मराठीत तर नकारही शेवटी येतो. यंत्र वेळ बघून ओळ तोडतं. 'मी त्यांना यासाठी दोष देत' एवढं एका चौकटीत येतं, आणि 'नाही' पुढच्या चौकटीत. मधले दोन सेकंद वाचणारा समजतो की दोष दिला. आणि वाचणारा माणूस ऐकत नसेल, तर सावरायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. अशा जागा मी हाताने सोडवते. दीड तासाच्या व्याख्यानात त्या शे-सव्वाशे तरी निघतात.

मोजमापाचाही घोळ आहे. वाचनाचा वेग सॉफ्टवेअर खुणांवर मोजतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही त्याच्या लेखी प्रत्येकी एक स्वतंत्र खूण. 'कार्यकर्त्यांच्या' हा शब्द तुम्ही-आम्ही पाच अक्षरांचा म्हणू. बहुतेक सॉफ्टवेअर त्याचे १७ मोजतं. मग सगळा पडदा लाल होतो, वेग जास्त, वेग जास्त, अशा सूचना. इंग्रजीचे आकडे जसेच्या तसे पाळायला गेलं तर निम्मं भाषण कापावं लागेल. किती दुर्लक्ष करायचं हे अनुभवाने ठरवावं लागतं, त्याला बटण नाही.

लेखनाचाही निर्णय असतोच. वक्ते 'केलं' म्हणाले तर 'केलं' लिहायचं की 'केले'? वऱ्हाडी वक्त्याचं 'मले' तसंच ठेवायचं की 'मला' करायचं? यंत्र एका ओळीत एक करतं, दुसरीत दुसरं. मी बोललेलं बोललं तसं ठेवते, आणि ते मंडळाला आधी विचारून. एका मंडळाच्या अध्यक्षांनी सगळं प्रमाण करून मागितलं होतं. करून दिलं. मालवणीतली एक गोष्ट त्यात पार मेली, ते मला अजून खुपतं.

आता तुमचे पैसे वाचवायच्या गोष्टी, ज्यात माझं नुकसानच आहे.

पहिली, साउंडवाल्याशी बोला. माझ्याकडे येणाऱ्या दहा व्हिडिओंपैकी सहा-सात सभागृहाच्या मागून, कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलेले असतात. पंख्याचा आवाज, खुर्च्या, पुढच्या रांगेतला खोकला आणि लांबून कुठूनतरी वक्ता. असल्या आवाजावर जगातलं कोणतंही यंत्र घातलं तरी मला मजकूर पुसून पहिल्यापासून लिहावा लागतो; तिथे चारचे आठ तास होतात. व्यासपीठावरचा माइक तर आधीच मिक्सरला जोडलेला असतो. मिक्सरच्या लाइन आउटमधून एक वायर एका लहान रेकॉर्डरला द्या. असा रेकॉर्डर चार-पाच व्याख्यानांच्या दुरुस्तीच्या पैशांत येतो आणि पुढची पंधरा वर्षं टिकतो. सात सॉफ्टवेअरांची तुलना करण्यापेक्षा ही एक वायर जास्त पैसे वाचवते.

दुसरी, वक्त्याकडे लिहिलेलं भाषण असेल तर मागून घ्या. अध्यक्षीय भाषणं तर आधीच छापलेली असतात. मजकूर तयार असला की फक्त वेळ जुळवायची राहते, ते काम यंत्र फार चांगलं करतं, आणि माझा दर निम्म्यावर येतो. एवढंच बघा की ती फाइल युनिकोडमध्ये आहे. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टातली फाइल उघडली की माझ्या पडद्यावर इंग्रजी चिन्हांची भेळ येते. ती बदलून घेता येते, पण मग जोडाक्षरं तपासावी लागतात. सोबत निमंत्रणपत्रिकाही पाठवा. त्यात सगळ्यांची नावं शुद्ध असतात आणि माझे दहा फोन वाचतात.

तिसरी गोष्ट कार्यवाहांना आवडणार नाही. चाळीसच्या चाळीस व्याख्यानांना दुरुस्त सबटायटल्सची गरज नाही. सगळ्यांचा कच्चा मजकूर यंत्राकडून काढून घ्या, दोन-अडीच हजारांत होईल. तो लोकांना दाखवू नका, स्वतःकडे ठेवा. कोणत्या वर्षी कोण कशावर बोललं हे शोधायला तो पुरतो. 'फुलांनी' असलं तरी बिघडत नाही. मग त्यातली दहा-बारा निवडा, जी खरोखर पुन्हा ऐकली जातील, आणि तेवढीच नीट करून घ्या. ६०,००० चे १५,०००-१८,००० होतील. निवड करताना भांडणं होतील, ती तुमची तुम्ही बघा.

पैशांत न मोजली जाणारी एक बाब खजिनदारांनी नाही तरी कार्यवाहांनी बघावी. स्वस्त दराच्या अटी वाचा. गूगलच्या जुन्या आवृत्तीच्या दरपत्रकात मिनिटाला ०.०२४ डॉलर होते, आणि तुमचा आवाज त्यांना ठेवून घ्यायला परवानगी दिलीत तर ०.०१६. तो एक तृतीयांश फरक म्हणजे तुमच्या वक्त्याच्या आवाजाची किंमत. देऊ नका असं माझं म्हणणं नाही. मराठीचा आवाज कुठेतरी साठल्याशिवाय यंत्रं सुधारणारही नाहीत. पण तो आवाज वक्त्याचा आहे, तेव्हा त्यांना विचारा. आणि द्यायचाच तर दुरुस्त केलेल्या मजकुरासह एखाद्या खुल्या संग्रहाला द्या, जिथून तो सगळ्यांना वापरता येईल. मानधनाच्या पावतीवर त्यासाठी एक ओळ वाढवली की झालं.

'पण एवढं करायचं कशाला, आमचे श्रोते ऐकतात की' असंही एका बैठकीत कुणीतरी म्हणाल्याचं कळलं. २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची किंवा कमी येणाऱ्यांची नोंद ५० लाखांवर होती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या ४२व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांत कॅप्शन, म्हणजे पडद्यावर बोलण्याची अक्षरं, देण्याचा उल्लेख आहे. चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या व्याख्यानमालेवर उद्या कुणी नोटीस बजावणार नाही. पण पहिल्या रांगेत बसणारे तुमचे सगळ्यात जुने श्रोते आठवा. सत्तरी ओलांडलेले, कानामागे यंत्र, मान किंचित पुढे. ते दहा वर्षांपूर्वी सगळं ऐकत होते. आता ते सवयीने येतात आणि टाळ्या इतरांचं बघून वाजवतात. घरी टीव्हीवर तुमचं व्याख्यान लावून खाली अक्षरं वाचायला मिळाली तर तेच पहिले बघणार आहेत.

दुसरे बघणारे लांब आहेत. शिकागो किंवा सिडनीच्या मराठी घरातल्या मुलाला आजोबांचं बोलणं निम्मं कळतं आणि देवनागरी वाचता येत नाही. त्याला इंग्रजी सबटायटल्स लागतात. व्हिस्पर थेट इंग्रजी करून देतं, पण 'फुलांनी म्हटलंय' चं भाषांतर काय होईल ते तुम्हीच ओळखा. आधी मराठी दुरुस्त करा, मगच भाषांतराचा दर विचारा. हे क्रमाने केलं तर स्वस्त पडतं, उलटं केलं तर दोनदा पैसे जातात.

खजिनदारांना त्यांचाच तक्ता मी परत पाठवला आहे. ऑटरची ओळ काढली, एआय-फॉर-भारतची घातली, आणि उजवीकडे एक रकाना वाढवला : 'एका तासाच्या व्हिडिओला दुरुस्तीचे तास'. तो रकाना रिकामा आहे. तो मी भरू शकत नाही, कारण तुमच्या सभागृहाचा आवाज मी ऐकलेला नाही.

म्हणून एवढं करा. तुमच्या संग्रहातल्या तीन व्याख्यानांतली मधली दहा-दहा मिनिटं निवडा : एक चांगल्या आवाजाचं, एक वाईट, आणि एक ज्यात प्रश्नोत्तरं आहेत. तीच तीस मिनिटं तक्त्यातल्या प्रत्येक यंत्रातून काढा. बहुतेकांच्या फुकट मर्यादेत ती बसतात. मग मंडळातल्या शुद्धलेखन येणाऱ्या कुणाला तरी, निवृत्त मराठीच्या बाई प्रत्येक मंडळात असतातच, घड्याळ लावून ती दुरुस्त करायला बसवा. जो आकडा येईल तो रकान्यात लिहा. बाईंना त्या दिवसाचं मानधन द्या. त्या नको म्हणतील; तरी द्या.

बाई मिळाल्या नाहीत तर ती तीस मिनिटं माझ्याकडे पाठवा, ही चाचणी मी पैसे न घेता करून देईन. फक्त व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो. ड्राइव्हवर टाका, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि सोबत निमंत्रणपत्रिका.

आपली,
एक सबटायटलवाली